‘ड्विंडल टु नथिंग’: घटत घटत शून्यावर येण्याचं इंग्रजी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका वाचक गटाच्या दहा वर्षांच्या वाटचालीचा अहवाल इंग्रजीत लिहायचा आहे. गट चाळीस जणांनी सुरू झाला, वर्षागणिक माणसं गळत गेली आणि शेवटच्या बैठकीला कुणीच आलं नाही. प्रश्नकर्तीने लिहिलं, ‘द मेंबरशिप वॉज ड्विंडल्ड आउट टु नथिंग’. एका सहकाऱ्याचं म्हणणं, ‘ड्विंडल’मध्येच संपण्याचा अर्थ आहे, तेव्हा ‘टु नथिंग’ काढा. दुसऱ्याने ‘पीटर्ड आउट’ सुचवलं, तिसऱ्याने ‘फिझल्ड आउट’. यातलं बरोबर कोणतं आणि का?

आधी उत्तर देते, मग कारणं. ‘द मेंबरशिप ड्विंडल्ड टु नथिंग’ असं लिहा. ‘वॉज’ काढा, ‘आउट’ काढा, ‘टु नथिंग’ मात्र राहू द्या. सुचवलेले बाकीचे दोन्ही प्रयोग इंग्रजी म्हणून अस्सल आहेत, पण ते दुसऱ्या गोष्टी सांगतात. तुमच्या सभासदसंख्येचं जे झालं ते त्यांत येत नाही.

गेली पंचवीस वर्षं मी इंग्रजी-मराठी भाषांतर आणि इंग्रजी मजकुराचं संपादन करते. या काळात मला सर्वाधिक चुका सापडल्या त्या मोठ्या, अवघड शब्दांत नव्हे, तर ‘डाउन’, ‘अवे’, ‘ऑफ’, ‘आउट’ या चिमुकल्या शब्दांत. कमी होण्याच्या क्रियापदांमागे लागलेला हा छोटा शब्द ठरवतो की गोष्ट नुसती कमी झाली की पार संपली. क्रियापद कशी घटली ते सांगतं, मागचा शब्द कुठवर घटली ते सांगतो. एवढं ध्यानात ठेवलं की निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून सगळं उत्तर याच धाग्यावर ओवते.

एकच क्रियापद घेऊन पाहा: ‘डाय’, मरणे. आग ‘डाय डाउन’ झाली म्हणजे ज्वाळा बसल्या, पण निखारे धगधगतायत. वारा सुटला तर पुन्हा भडकेल. दूर जाणाऱ्या गाडीचा आवाज ‘डाय अवे’ झाला म्हणजे तो क्षीण होत होत कानाआड गेला. नेमका कोणत्या क्षणी ऐकू यायचा थांबला ते सांगता येत नाही. एखादी भाषा ‘डाय आउट’ झाली म्हणजे ती बोलणारं कुणी उरलं नाही, विषय संपला. क्रियापद तिन्हीकडे तेच. ‘डाउन’मध्ये काहीतरी शिल्लक आहे, ‘अवे’मध्ये ते नजरेआड-कानाआड होत गेलं आहे, ‘आउट’मध्ये शेवटचा थेंबही नाही. बातमीत ‘प्रोटेस्ट्स डाइड डाउन’ असं असेल आणि मराठीत ‘आंदोलन संपलं’ असं छापलं गेलं, तर वाचकाला खोटी बातमी मिळाली. ‘आंदोलनाचा जोर ओसरला’ असं हवं.

हा फरक फक्त व्याकरणाच्या तासापुरता नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोला हवामान परिषद झाली तेव्हा जवळजवळ दोनशे देशांची शिष्टमंडळं अक्षरशः अशा एका शब्दावर अडून बसली होती. मसुद्यात कोळशावरच्या विजेबद्दल ‘फेज आउट’ असं होतं, म्हणजे टप्प्याटप्प्याने पूर्ण बंद. अगदी शेवटच्या सत्रात भारताने ते ‘फेज डाउन’ करावं असा आग्रह धरला, म्हणजे टप्प्याटप्प्याने कमी. तसा बदल झाला. परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांनी ज्या पद्धतीने हे घडलं त्याबद्दल सगळ्यांची माफी मागितली आणि बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला. ‘आउट’च्या जागी ‘डाउन’, बस्स. एका शब्दात कोळशाचं भवितव्य ‘नाही’वरून ‘कमी’वर आलं.

याच्या आधीचं उदाहरणही बोलकं आहे. ओझोनचा थर वाचवण्यासाठी १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. त्यात ओझोनचा नाश करणाऱ्या सीएफसी वायूंचं उत्पादन सुरुवातीला निम्म्यावर आणण्याचंच ठरलं होतं. पुढे १९९०च्या लंडन दुरुस्तीत ते शून्यावर नेण्याचं ठरलं, तो ‘फेज आउट’. सीएफसींच्या जागी आलेल्या एचएफसी वायूंबाबत २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला याच करारात दुरुस्ती झाली. तिथे शब्द मुद्दाम ‘फेज डाउन’ असा निवडला आहे, कारण त्यांचा वापर येत्या काही दशकांत ८० टक्क्यांहून अधिक घटवायचा आहे, पुरता थांबवायचा नाही. हे दोन्ही दस्तऐवज शेजारी ठेवून भाषांतर करायला बसलात आणि दोन्हीकडे ‘टप्प्याटप्प्याने हद्दपार’ असं लिहिलंत, तर कायद्याचा अर्थच बदलतो. मी स्वतः पहिल्यासाठी ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ आणि दुसऱ्यासाठी ‘टप्प्याटप्प्याने घटवणे’ अशी जोडी ठरवून टाकली आहे आणि ती कधीच मोडत नाही.

आता ‘ड्विंडल’कडे. हा शब्द मला फार आवडतो, कारण त्याचा जन्म आणि आपल्या ‘रोडावणे’चा जन्म सारखा आहे. जुन्या इंग्रजीत ‘ड्वीनन’ असं क्रियापद होतं, अर्थ खंगणे, झुरत जाणे. स्कॉट लोकांच्या बोलीत ‘ड्वाइन’ हा शब्द त्या अर्थाने टिकून आहे. त्याला ‘ल’ हा शेपटा लागला आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘ड्विंडल’ लिहिण्यात दिसू लागला. इंग्रजीत हा ‘ल’ थोडं थोडं, पुन्हा पुन्हा घडणाऱ्या गोष्टींना लागतो. ‘स्पार्कल’ म्हणजे एक ठिणगी नव्हे, लुकलुकत राहणं. ‘क्रॅकल’ म्हणजे एकदाच कडाडणं नव्हे, तडतडत राहणं. तसं ‘ड्विंडल’ म्हणजे एका दमात खंगणं नव्हे, कणाकणाने खंगत जाणं. आपल्याकडे ‘रोड’ म्हणजे कृश, हडकुळा. माणूस रोडावतो तो अंगाने. पण आपण उपस्थिती रोडावली, विद्यार्थीसंख्या रोडावली असंही सर्रास म्हणतो. दोन्ही भाषांनी अंगाचं बारीक होणं उचलून संख्येला लावलं. ‘ड्विंडल’ला मराठीत शब्द नाही असं कुणी म्हणालं की मी ‘रोडावणे’ पुढे करते.

याच मुळाचा एक भाऊबंद डच भाषेत आहे, ‘फेरड्वाइनन’. तिथे त्याचा अर्थ नाहीसं होणं, दिसेनासं होणं. म्हणजे डचांच्या घरी तो शब्द थेट शून्यापर्यंत चालत गेला. इंग्रजांच्या घरी मात्र वाटेत थांबला. इंग्रजी ‘ड्विंडल’मध्ये घट आहे, सातत्य आहे, हळूहळूपणा आहे, पण शून्य नाही. गर्दी ‘ड्विंडल’ होऊन मूठभर उरू शकते, ओढा ‘ड्विंडल’ होऊन करंगळीएवढी धार राहू शकते. ‘ड्विंडल्ड टु अ हँडफुल’, ‘ड्विंडल्ड टु अ ट्रिकल’ हे प्रयोग रोजच्या वापरातले आहेत. म्हणून तुमच्या पहिल्या सहकाऱ्याचं म्हणणं मला पटत नाही. ‘टु नथिंग’ ही पुनरुक्ती नाही. तो मुक्कामाचा पत्ता आहे, तो काढलात तर वाचकाला वाटेल गटात अजून पाच-सहा जण असतील.

पुनरुक्ती होते ती ‘ड्विंडल डाउन’मध्ये. बोलताना इंग्रज-अमेरिकन माणसंही ‘ड्विंडल डाउन टु नथिंग’ म्हणतात, त्याला चूक म्हणायला मी धजणार नाही. पण लेखी अहवालात संपादक ‘डाउन’वर काट मारेल आणि मीही मारीन, कारण ‘ड्विंडल’ वर जात नाहीच. ‘ड्विंडल अवे’ चांगलं आहे, ‘ड्विंडल अवे टु नथिंग’ही चालतं, ‘अवे’ने त्याला जरा हुरहूर येते. ‘ड्विंडल आउट’ मात्र रूढ नाही. ते ‘पीटर आउट’, ‘फिझल आउट’ यांच्या संगतीने जिभेवर येतं, एवढंच.

‘वॉज’चं काय चुकलं? ‘ड्विंडल’ हे अकर्मक क्रियापद आहे. गोष्ट आपली आपण ‘ड्विंडल’ होते, तिला कुणी ‘ड्विंडल’ करत नाही. आपलं ‘रोडावणे’ही तसंच, ‘सचिवांनी संख्या रोडावली’ असं आपण कधी म्हणत नाही. मग मराठी माणूस ‘इज ड्विंडल्ड’, ‘वॉज ड्विंडल्ड’ का लिहितो? माझ्या मते त्याचं कारण आपल्या ‘रोडावलेली आहे’, ‘आटलेली होती’ या रूपांत आहे. ‘आहे’ला ‘इज’ आणि ‘होती’ला ‘वॉज’ असं हात आपोआप लिहून जातो. अशा ‘-लेली आहे’ला इंग्रजीत ‘हॅज’ लागतो आणि ‘-लेली होती’ला ‘हॅड’. संख्या रोडावलेली आहे: ‘द नंबर्स हॅव ड्विंडल्ड’. संख्या रोडावलेली होती: ‘हॅड ड्विंडल्ड’. ‘वॉज रिड्यूस्ड टु नथिंग’ मात्र बरोबर आहे, कारण ‘रिड्यूस’ सकर्मकही आहे. पण मग वाचक विचारेल, कुणी रिड्यूस केलं? तुमच्या गटात कुणी माणसं काढली नव्हती. ती आपोआप यायची थांबली. तेव्हा ‘ड्विंडल’च खरं.

आपोआप होणं आणि कुणी करणं यांतला हा फरक थोर माणसांनीही जपून पाळलेला आहे. मार्क्सचा सहकारी एंगल्स याच्या १८७८ सालच्या लेखनात राज्यसंस्थेबद्दलचं जे प्रसिद्ध वाक्य आहे, त्याचा आशय असा की राज्यसंस्था रद्द केली जात नाही, ती ‘विदर अवे’ होते. मूळ जर्मन क्रियापदाचा अर्थ मरत जाणं असा आहे, झाडाची फांदी वठते तसं. तिथे ‘अबॉलिश’ आणि ‘विदर अवे’ हे शब्द एकमेकांच्या विरोधात उभे केले आहेत. मराठीत कुणी ‘राज्यसंस्था नष्ट केली जाईल’ असं लिहिलं तर विधान नेमकं उलटं होतं.

आता ‘पीटर आउट’. पहिल्यांदा शंका फेडते: हा कुणा पीटरच्या नावावरून आला आहे का? त्याची व्युत्पत्ती पक्की ठरलेली नाही. सुरुंगाच्या दारूतला सॉल्टपीटर, एक फ्रेंच शब्द, येशूला नाकारणारा संत पीटर, अशा तीन-चार कहाण्या सांगतात, पण एकीलाही ठोस पुरावा नाही. पक्कं आहे ते इतकंच की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला अमेरिकेतल्या खाणकामगारांच्या तोंडी तो होता. लिहिताना ‘पी’ लहान लिपीतला काढायचा, मोठा नाही.

खाणीचं चित्र डोळ्यांपुढे आणलंत तर हा प्रयोग कधीच चुकणार नाही. कामगार दगडातली धातूची शीर धरून पुढे पुढे खोदत चालला आहे. शीर आधी हातभर रुंद, मग बोटाएवढी, मग दोऱ्याएवढी, मग नुसता रंग आणि मग कोरा दगड. शीर ‘पीटर आउट’ झाली. म्हणून या क्रियापदाला असा कर्ता लागतो ज्याला लांबी आहे, प्रवाह आहे, ज्याच्यामागे आपण चालत आलो आहोत: रस्ता, पायवाट, संभाषण, मोहीम, पत्रव्यवहार, पाऊस. ‘पायवाट पुढे गवतात विरून जाते’ याला ‘द पाथ पीटर्स आउट’ हे इतकं चपखल आहे की दुसरं काही सुचवायलाच नको. अनेकदा कागदावर ‘द पाथ एंड्स’ असं येतं. पण ‘एंड्स’मध्ये पायवाटेला एक टोक आहे, पाटी लावता येईल असं. विरणाऱ्या वाटेला टोक नसतं.

तुमच्या गटाच्या बैठका ‘पीटर्ड आउट’ झाल्या असं म्हणता येईल, कारण बैठकांची मालिका असते. सभासदसंख्येला ते तितकं बसत नाही. संख्या ही मोजायची गोष्ट, तिला ‘ड्विंडल’. मालिका ही मागोमाग जायची गोष्ट, तिला ‘पीटर आउट’. हा माझ्या कानाचा निवाडा आहे आणि चांगलं इंग्रजी वाचणाऱ्या कुणालाही तो पटेल असं मला वाटतं.

‘फिझल आउट’ घेताना मात्र सावध राहा, कारण त्यात निराशा भरलेली आहे. या शब्दाला सुरुवातीला दणका लागतो. मोठा गाजावाजा झाला, अपेक्षा चढल्या आणि शेवटी फुस्स. मराठीत याला आयता शब्द आहे, फुसका बार. जमतं ते केवळ अर्थाने नाही, आवाजानेही. ‘फिझल’चा सोळाव्या शतकातला अर्थ होता आवाज न करता वारा सोडणं, ‘फिझ’ काय आणि ‘फुस्’ काय, दोन्हीकडे निसटत्या हवेचाच ध्वनी आहे. १८४०च्या दशकात अमेरिकन कॉलेजांतली मुलं तोंडी परीक्षेत अडखळून बसण्याला ‘फिझल’ म्हणत आणि तिथून अपयशाचा अर्थ पक्का झाला. अणुचाचणीत स्फोट अपेक्षेपेक्षा फारच कमी ताकदीचा झाला तर त्याला आजही शास्त्रज्ञ ‘फिझल’ म्हणतात. तुमचा गट दहा वर्षं चालला. लोकांनी पुस्तकं वाचली, वाद घातले, मैत्र्या जमल्या. त्याला ‘फिझल्ड आउट’ म्हणणं म्हणजे दहा वर्षांच्या कामावर अन्याय आहे. हा शब्द त्या अहवालात येऊ देऊ नका, एवढं मी आवर्जून सांगेन.

‘टेपर ऑफ’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यावर बोलल्याशिवाय मला पुढे जाववत नाही, कारण इथे शब्द चुकला तर माणसाला इजा होते. ‘टेपर’ म्हणजे मुळात मेणबत्ती, तीही बारीक लांबट. बुडाशी जाड आणि वर निमुळत्या आकारावरून निमुळतं होत जाण्याचं क्रियापद आलं. काही वर्षांपूर्वी औषधाच्या माहितीपत्रकाचं भाषांतर माझ्याकडे तपासायला आलं. औषध स्टेरॉइडच्या वर्गातलं होतं. इंग्रजी वाक्य असं की दीर्घ उपचारानंतर डोस ‘टेपर्ड ऑफ’ करावा. मराठीत होतं, ‘उपचार पूर्ण झाल्यावर औषध बंद करावे’. वरवर पाहता काय चुकलं? शेवटी औषध बंदच व्हायचं आहे. पण अशी औषधं बरेच दिवस घेतली की शरीरातल्या अॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्वतः बनवण्यात मंदावतात. औषध एकदम तोडलं तर ग्रंथी लगेच कामाला लागत नाहीत आणि माणूस कोसळू शकतो. त्या एका क्रियापदात सगळी काळजी होती आणि भाषांतराने ती गाळली होती. मी लिहिलं, ‘डॉक्टरांच्या सांगण्यानुसार डोस थोडा थोडा कमी करत नेऊन औषध थांबवावे, एकदम बंद करू नये’. मूळ इंग्रजीपेक्षा वाक्य लांबलं, पण ‘टेपर’मधला उतार मराठीत शब्दांनीच सांगावा लागतो.

‘टेपर’चं दुसरं गाजलेलं उदाहरण अर्थकारणातलं. २०१३ मध्ये अमेरिकेची फेडरल रिझर्व्ह बँक दरमहा ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. मे महिन्यात अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी ही खरेदी पुढच्या काही बैठकांत कमी होऊ शकते असं सूचित केलं आणि जगभरचे बाजार हादरले. पत्रकारांनी त्याला ‘टेपर टँट्रम’, म्हणजे टेपरवरून झालेला थयथयाट, असं नाव दिलं. इथे निमुळतं काय होणार होतं ते नीट पाहायला हवं. खरेदी कमी होत शून्यावर येणार होती, आधीच घेतलेले रोखे विकले जाणार नव्हते. प्रत्यक्ष घट जानेवारी २०१४ पासून सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये खरेदी थांबवण्यात आली. ‘टेपर’चा कर्ता खरेदीचा वेग होता, रोख्यांचा साठा नव्हे. तेव्हा कोणताही घटण्याचा शब्द वापरताना आधी विचारा, घटतंय ते नेमकं काय?

हा प्रश्न शास्त्रीय मजकुरात तर फारच जपून विचारावा लागतो. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ दर ८ दिवसांनी निम्मं होतं. ८० दिवसांनी मूळच्या १०२४ भागांपैकी एक भाग उरतो. त्याला ‘ड्विंडल्स टु नथिंग’ म्हटलं तर वाक्य कानाला गोड लागतं, पण शास्त्रज्ञ खोडून टाकेल, कारण निम्मं निम्मं करत गेल्यावर नेमकं शून्य कोणत्या दिवशी आलं असं सांगता येत नाही. तिथे ‘ड्विंडल्स टु ऑलमोस्ट नथिंग’ किंवा गणिताच्या भाषेत ‘टेंड्स टु झीरो’. याउलट खरंच शून्य झालेल्या गोष्टीला ‘ऑलमोस्ट’ लावू नये. उत्तर अमेरिकेतलं पॅसेंजर पिजन नावाचं कबुतर एकोणिसाव्या शतकात अब्जावधींच्या संख्येने होतं, थवे जाताना आकाश झाकोळून जाई. बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांनी ते रोडावत गेलं आणि १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची शेवटची मादी मेली. तिथे ‘ड्विंडल्ड टु नथिंग’ अक्षरशः खरं आहे. एखाद्या जातीबद्दल लिहिताना मी आधी ‘ड्विंडल’ आणि शेवटी ‘डाय आउट’ असा क्रम ठेवते. उतार एका शब्दात, अंत दुसऱ्यात.

काही शब्दांवर फार वेळ घालवायचं कारण नाही. ‘वेन’ म्हणजे कलेकलेने कमी होणं, हा चंद्राचा शब्द आहे, चंद्र पुन्हा भरतो, म्हणून सत्ता, लोकप्रियता, उत्साह यांच्या ओहोटीला तो ठीक. कायमच्या अंताला नाही. ‘ट्रेल ऑफ’ आवाजाला, अर्ध्यात विरणाऱ्या वाक्याला. ‘वेअर ऑफ’ औषधाचा अंमल उतरण्याला. ‘लेव्हल ऑफ’ पाहून फसू नका, त्यात घट नाहीच. आलेखाची रेघ चढायची किंवा उतरायची थांबून सपाट झाली एवढाच अर्थ. आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेत आलेखाचं वर्णन करताना इथे हमखास गुण जातात. आणि हो, ‘आउट’ म्हणजे नेहमी शेवट असं सूत्र घोकू नका. गर्दी ‘थिन आउट’ झाली म्हणजे विरळ झाली, माणसं अजून आहेत.

मराठीकडे परत येते, कारण प्रश्नात पुढे असंही आहे की इंग्रजीसारखे हे छोटे शब्द मराठीत नसल्याने आपल्याला हा फरक जाणवत नाही का. मला तसं वाटत नाही. आपल्याकडे ते काम दुसऱ्या क्रियापदाने होतं आणि फार सुरेख होतं. विहीर ‘आटली’, ‘आटत गेली’, ‘आटत आली’, ‘आटून गेली’. ‘आटत गेली’मध्ये उतार दिसतो, शेवट नाही. ‘आटत आली’मध्ये शेवट जवळ दिसतो, पण पोचलेला नाही; इंग्रजीत यासाठी एक शब्द शोधून दाखवा, मिळायचा नाही. ‘आटून गेली’मध्ये शेवट झाला. ‘-त जाणे’ म्हणजे त्यांचं ‘अवे’, ‘-ऊन जाणे’ बरंचसं ‘आउट’. आणि मुक्काम सांगायचा तर ‘घटत घटत शून्यावर आली’, ‘विरत विरत नाहीशी झाली’. क्रियापदाची ही द्विरुक्ती आपला ‘ल’ आहे, ‘ड्विंडल’मधला तोच कणाकणाचा भाव. मराठीतून इंग्रजीत जाताना आधी स्वतःच्या वाक्यात ‘-त गेली’ आहे की ‘-ऊन गेली’ ते पाहा. योग्य इंग्रजी शब्द बहुतेक वेळा तिथूनच सुचतो.

आता तुमचा परिच्छेद. संख्या एका वाक्यात आणि बैठका दुसऱ्यात घेतल्या तर दोन्ही शब्दांना न्याय मिळतो. मी असं लिहीन: ‘वी बिगॅन विथ फॉर्टी मेंबर्स. ओव्हर टेन इयर्स द नंबर ड्विंडल्ड, फर्स्ट टु अ डझन, देन टु अ हँडफुल, अँड फायनली टु नथिंग. द मीटिंग्ज पीटर्ड आउट. नो वन एव्हर डिसायडेड टु स्टॉप.’ ‘डझन’ आणि ‘हँडफुल’ हे टप्पे मुद्दाम घातले आहेत, प्रत्यक्षातले आकडे असतील तर ते घाला. टप्पे दिसले की ‘टु नथिंग’ला वजन येतं. शेवटच्या दोन वाक्यांमध्ये पूर्णविराम आहे तिथे ‘बिकॉज’ घालू नका, कारण बैठका थांबल्याचं कारण तुम्ही सांगत नाही आहात, त्या कशा थांबल्या ते सांगत आहात.